पाचवा मुद्दा

१७ जानेवारी, शनिवार. काम: दोन किलो अवरेकाळूंची सालं काढणे.

अवरेकाळू म्हणजे पावटे. रात्रभर भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबला की आतली डाळ सटकून भांड्यात पडते आणि साल बोटांत राहते. काम सोपं आहे, पण लवकर संपत नाही. बेंगळुरूत जानेवारीत हे घरोघर चालतं. माझं माहेर चिकपेटच्या मागच्या गल्लीतलं. आमची माणसं इथे इतक्या पिढ्यांपूर्वी आली की मूळ गाव कुठलं हे आता कुणी छातीठोकपणे सांगत नाही. सासर साताऱ्याकडचं. सासरे इथल्या विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि जयनगरात घर बांधून राहिले. लग्न होऊन मी आले तेव्हा माझ्या तोंडी 'जरा थांबा'ऐवजी कन्नड वळणाचं 'स्वल्प थांबा' आलं की सासूबाई म्हणायच्या, "तुझा स्वल्पविराम झाला असेल तर पुढचं बोल." अवरेकाळू मात्र त्या माझ्याकडूनच शिकल्या, आणि नंतर माझ्यापेक्षा भरभर सोलायला लागल्या.

त्या शनिवारी मी डायनिंग टेबलावर भांडं घेऊन बसले होते. अप्पा, म्हणजे माझे सासरे, खोलीतून निघाले आणि टेबलापर्यंत पोचायला मध्ये दोनदा थांबले. एकदा दाराशी, एकदा फ्रिजला धरून. वय सत्याऐंशी. त्यांनी माझ्या भांड्याशेजारी एक फाइल ठेवली, खुर्चीत बसले, आणि श्वास जागेवर येईपर्यंत एक बोट वर धरून ठेवलं. मी बोलू नये म्हणून.

"प्रस्ताव आहे," ते म्हणाले. "मंजुरी तुझी."

"कसला प्रस्ताव?"

"लाइफ एक्स्टेन्शन."

मी हातातला दाणा दाबला. तो टेबलाखाली गेला.

हे समजायला कारखान्याची पद्धत समजली पाहिजे. विमानाच्या प्रत्येक भागाला एक ठरलेलं आयुष्य असतं. इतके तास उडाला की काढून टाकायचा, मग तो चकचकीत का दिसेना. पण कधी कधी तपासणी करून त्याला आणखी थोडे तास देता येतात. त्यासाठी नोट लिहायची असते. भाग कुठला, सेवा किती झाली, बाकीची स्थिती काय, शिफारस काय, हे सगळं त्यात येतं. नोट लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नाहीत. अप्पांनी तीस वर्षं अशा नोटा लिहिल्या. त्यांच्या हाताखालच्या लोकांत त्यांचा लौकिक असा होता की ते एक्स्टेन्शन सहसा देत नाहीत. कुणी म्हणालं की साहेब, भाग अजून चांगला आहे, तर ते म्हणायचे, "चांगला आहे म्हणूनच आत्ता काढायचा. वाईट झाल्यावर तो आपणहून निघतो, विमानासकट."

या वेळचा भाग त्यांच्याच हृदयातला होता.

आदल्या आठवड्यात मी त्यांना हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, केस घट्ट बांधलेले, बोलणं थेट. तिने पडद्यावर अप्पांचं हृदय दाखवलं. रक्त बाहेर सोडणारा मुख्य व्हॉल्व्ह चुना साचून कडक झाला होता. तो उघडायचा तेवढा उघडत नव्हता, म्हणून फ्रिजपर्यंत जाताना दम लागत होता.

"असंच ठेवलं तर?" मी विचारलं.

"दीड-दोन वर्षं. शेवटची बरी नसतील."

"आणि ऑपरेशन?"

"छाती उघडायची नाही. मांडीतल्या शिरेतून नवा व्हॉल्व्ह वर न्यायचा आणि जुन्याच्या आत उघडायचा. तीन-चार दिवसांत घरी. मी शिकत होते तेव्हा या वयाच्या पेशंटला आम्ही गोळ्या लिहून द्यायचो आणि नातेवाइकांना बाहेर बोलवायचो."

अप्पांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. "नव्या व्हॉल्व्हचं लाइफ किती?"

"दहा-बारा वर्षं धरा."

"त्यानंतर?"

"त्याच्या आत आणखी एक बसवता येतो."

ते माझ्याकडे वळले. इतका खूश झालेला चेहरा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि नवरी मीच होते.

डॉक्टरने पुढचंही सांगितलं. अर्धांगाचा झटका येण्याचा थोडा धोका आहे. नंतर काही आठवडे कुणीतरी सतत लागेल. वय पाहता पुढेही लागत जाईल. "घरच्यांनी बसून ठरवा. पेशंटला हवंय हे मला दिसतंय. करणाऱ्यांना झेपणार आहे का, ते मला तुमच्याकडून कळलं पाहिजे."

परतताना रिक्षात अप्पा बोलत राहिले. श्वास पुरत नव्हता तरी बोलत होते. त्यांचा हिशोब असा: आज व्हॉल्व्ह. तो दहा वर्षं चालेल. तोवर मूत्रपिंडं प्रयोगशाळेत वाढवता येतील. ती बसवली की आणखी दहा. तोवर पेशी आतून दुरुस्त करणारं औषध येईल. "आपण फक्त पुढचं स्टेशन येईपर्यंत गाडीत टिकायचं," ते म्हणाले. "माणूस मरतो तो आजाराने मरत नाही. शोध लागायच्या आधी जन्मला म्हणून मरतो."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण म्हाताऱ्याचा उत्साह कळला असावा. "अज्जांना बरं वाटतंय वाटतं," तो मला कन्नडमध्ये म्हणाला.

"भारी बरं वाटतंय," मी म्हटलं.

अप्पा म्हणत होते ते खोटं नव्हतं. मी इंदिरानगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेवीस वर्षं आहे. सुरुवातीला लोक आजारी पडले की यायचे. आता निरोगी येतात. तिशीतली पोरं पळून घामाघूम होऊन थेट लॅबमध्ये शिरतात आणि शरीराचं खरं वय काढून मागतात. एकजण मला रिपोर्ट दाखवत म्हणाला होता, "आंटी, मी बत्तीसचा, पण आतून एकोणतीस." मी म्हटलं, "मग लग्नाला अजून वेळ आहे, आईला सांग." पूर्वी ज्या आकड्याला आम्ही घरच्यांना फोन करायचो, त्या आकड्याचे लोक आता गोळी खाऊन ट्रेकला जातात. हे मी रोज बघते. चांगलंच आहे. फक्त मिळालेली वर्षं कुणाच्या हाताने जगायची, हा रकाना कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतो.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. अप्पांची दहा-बारा वर्षं संपतील तेव्हा मी पासष्टीला असेन.

"मंजुरी माझी का?" मी त्या शनिवारी टेबलावर विचारलं. "तुमचा मुलगा आहे ना."

मुलगा, म्हणजे माझा नवरा, सोफ्यावर मोबाइल बघत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "मी आईच्या वेळी केली होती सही. आता तू कर. तुला मेडिकलचं कळतं."

अप्पांनी मान हलवली. त्यांना तो मुद्दा रास्त वाटला.

मी फाइल उघडली. दोन पानं होती, इंग्रजीत टाइप केलेली. भाग: हृदयाचा मुख्य व्हॉल्व्ह. सेवा: सत्याऐंशी वर्षं. बाकी भागांची स्थिती: समाधानकारक. इथे तारेची खूण करून खाली 'श्रवणयंत्र वगळता' लिहिलं होतं. शिफारस: एक्स्टेन्शन द्यावे. खाली त्यांची सही आणि शेजारी रिकामी रेघ.

"तीन दिवस द्या," मी म्हटलं.

"तीन दिवस कशाला? डॉक्टर पुढच्या आठवड्याची तारीख देतेय."

"आईंच्या वेळी तुम्ही तीनच घेतले होते."

ते उठले आणि फ्रिजला धरून, दाराला धरून परत गेले. मी उरलेलं सोलून संपवलं.

आईंची, म्हणजे सासूबाईंची, गोष्ट सात वर्षांपूर्वीची, तीही जानेवारीतली. त्यांचे रिपोर्ट माझ्याच लॅबमध्ये झाले होते. क्रिएटिनिनचा आकडा मशीनवर मी सगळ्यांच्या आधी पाहिला आणि सॅम्पल पुन्हा लावलं. आकडा तोच आला. मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, नाहीतर घरच्या घरी पोटातून करायची पद्धत आहे. पोटात एक बारीक नळी बसवायची, पिशवीतलं पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, दिवसातून चार वेळा. हात स्वच्छ ठेवणारं आणि शिकून घेणारं एक माणूस घरात हवं. चार-पाच वर्षं आरामात निघतील, असंही ते म्हणाले. आई तेव्हा शहात्तरच्या होत्या.

अप्पांनी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी चहाच्या वेळी आम्हाला टेबलावर बोलावलं आणि नोट वाचली. नोट इंग्रजीत होती, पण वाचली मराठीत. आईंना कळावी म्हणून. त्या टेबलाच्या टोकाला अवरेकाळू सोलत बसल्या होत्या. अप्पांनी सुरुवात केली तेव्हा त्यांचे हात थांबले नाहीत. भाग: दोन्ही मूत्रपिंडे. सेवा: शहात्तर वर्षे. बाकी भागांची स्थिती: मधुमेह, डोळे, गुडघे, सर्व असमाधानकारक. एक भाग टिकवल्याने संपूर्ण यंत्रणेच्या आयुष्यात भरीव वाढ संभवत नाही. शिफारस: एक्स्टेन्शन देऊ नये.

आईंनी विचारलं, "अहो, तुमच्या कारखान्यात त्या पार्टला विचारतात का?"

"पार्ट बोलत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भांडं माझ्याकडे सरकवलं. "मीठ तू घाल. माझ्या हाताला आता चव राहिली नाही."

नवऱ्याने खिसे चाचपले, मग माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं. त्याने सही केली.

अकरा आठवडे लागले. त्यातले शेवटचे तीन मी रजा घेतली होती. लॅबमध्ये सगळे म्हणाले की सासूचं इतकं करणारी सून हल्ली मिळत नाही. मी ते ऐकून घेतलं.

पुढे मी कुणाकडे हा विषय काढला की माझं वाक्य ठरलेलं असायचं. अप्पांनी कागदावर बायको मारली, आणि मुलाने त्यावर सही केली. ऐकणाऱ्या बायका मान डोलावायच्या. मला त्यात बरं वाटायचं, हे कबूल करते.

तर अप्पांचे तीन दिवस. रविवारी ते माझ्याशी फार गोड वागले. चहा चांगला झाला म्हणाले. पस्तीसेक वर्षांत पहिल्यांदा. सोमवारी त्यांनी माझ्यासाठी वर्तमानपत्रातलं कात्रण काढून ठेवलं, कुठल्यातरी परदेशी म्हातारीचं, जी नव्वदीत नवा व्हॉल्व्ह घालून पोहायला जाते. मी ते वाचलं आणि भाजीच्या देठांबरोबर कचऱ्यात टाकलं. त्यांनी ते पाहिलं. संध्याकाळी ते बाल्कनीत बसून नाडी मोजत होते. डाव्या हाताचं मनगट उजव्या हातात धरून, ओठ हलवत. घाबरले होते. मी दारातून बघितलं आणि आत येऊन कुकर लावला. मला घाई नव्हती.

मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि कपाटाच्या वरच्या खणातून आईंची फाइल काढली. माझं ठरलं होतं. त्यांचीच नोट घ्यायची, मूत्रपिंडाच्या जागी व्हॉल्व्ह लिहायचा, शहात्तरच्या जागी सत्याऐंशी, आणि त्याच टेबलावर, चहाच्या वेळी, मराठीत वाचून दाखवायची. एकेक वाक्य त्यांना आईंपेक्षा जास्त लागू पडत होतं. गुडघे त्यांचेही गेलेत. मोतीबिंदू झालेत. यंत्रणा अकरा वर्षांनी जास्त जुनी आहे.

नोट मी कधी स्वतः वाचली नव्हती. ऐकली होती, तेवढी पुरे झाली होती. आता वाचताना चौथ्या मुद्द्यानंतर पाचवा आला. तो अप्पांनी त्या दिवशी वाचला नव्हता. ते चारवरून थेट शिफारशीवर गेले होते.

पाचवा मुद्दा असा होता: 'देखभालीसाठी मनुष्यबळ: घरात एक. विचारणा केली. उत्तर आले नाही.'

मला तो दिवस लगेच आठवला. आठवायला विसरावं लागतं, आणि मी विसरले नव्हते. डॉक्टरकडून आलो त्या संध्याकाळची गोष्ट. मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होते. अप्पा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्या पिशव्या बदलायचं काम कुणाला जमेल?" घरात हात स्वच्छ ठेवणारं आणि शिकून घेणारं माणूस एकच होतं. दिवसातून चार वेळा, चार-पाच वर्षं. नुकतीच मला लॅबमध्ये इन्चार्ज केलं होतं. मी नळ मोठा केला. तांदूळ एकदा धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. पाणी स्वच्छ आलं होतं तरी धुतले. मी वळले तेव्हा दारात कोणी नव्हतं.

नोटेखाली नवऱ्याची सही होती. म्हणजे त्यानेही पाचवा मुद्दा वाचला होता. सात वर्षं मी दोघांना खुनी म्हणत फिरत होते आणि दोघांनी मला फिरू दिलं.

मी लॅपटॉप उघडला आणि माझी नोट टाइप केली. ठरल्याप्रमाणे सगळं बदललं. पाचवा मुद्दा गाळला.

साडेपाचला चहा झाला. मी अप्पांना टेबलाच्या टोकाला बसवलं, जिथे आई बसल्या होत्या. नवरा ऑफिसातून लवकर आला होता. कशासाठी ते त्याला माहीत होतं, आणि तो बूट न काढताच बसला, उठून जाता यावं म्हणून. मी वाचायला लागले. भाग. सेवा. बाकी भागांची स्थिती: गुडघे, डोळे, कान, सर्व असमाधानकारक. अप्पांनी श्रवणयंत्र नीट बसवलं आणि पुढे झुकले. त्यांना पहिल्याच ओळीला कळलं असणार. चेहऱ्यावर काही नव्हतं. बैठकीत हाताखालच्या माणसाची नोट ऐकताना जसे बसत असतील तसे बसले होते.

"एक भाग टिकवल्याने संपूर्ण यंत्रणेच्या आयुष्यात भरीव वाढ संभवत नाही," मी वाचलं. "शिफारस: एक्स्टेन्शन देऊ नये."

नवरा म्हणाला, "अगं, हे जरा..."

"थांब," अप्पा म्हणाले. मग मला, "पाच नंबर गाळलास."

"तुम्हीही गाळला होतात."

"तो तिच्यासमोर वाचण्यासारखा नव्हता. तुला वाईट वाटलं असतं, आणि तिला तुझ्याच हातचं खायचं होतं."

"मग लिहिलात कशाला?"

"फाइल पूर्ण हवी."

चहाच्या कपावर साय धरली होती. त्यांनी ती बोटाने बाजूला केली आणि कप उचलला.

"आता विचारणा करतो," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह बसवला तर नंतरचं कोण करणार?"

"मी नाही," मी म्हटलं.

आवाज जेवढा चढवावा लागेल असं वाटलं होतं तेवढा लागला नाही. साधाच निघाला.

"म्हणजे नक्की काय नाही, ते सांग."

"रक्त काढीन. रिपोर्ट वाचीन. डॉक्टरशी बोलीन. औषधांचा डबा भरीन. अंघोळ, संडास, चालवणं, उठवणं, भरवणं हे नाही. आत्ताही नाही आणि बारा वर्षांनीही नाही. त्याला बाहेरचं माणूस ठेवायचं. मी लॅब सोडणार नाही आणि रजाही टाकणार नाही."

"लोक काय म्हणतील?" नवरा म्हणाला.

"तू कर मग. मांडीतून नळी घातलेल्या बापाला संडासला ने. लोक चांगलं म्हणतील."

"माझं ऑफिस..."

"त्याला विचारलेलं नाही," अप्पा मला म्हणाले. "तो सहीपुरता आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता मागे घेतील. बाहेरच्या माणसाचा हात अंगाला लागलेला त्यांना चालत नाही. न्हावीसुद्धा एकच, चाळीस वर्षं, आणि तोही आता वारलाय. पण त्यांनी माझ्या हातातली नोट घेतली, शिफारशीवर आडवी रेघ मारली आणि आपली शनिवारची नोट पुढे सरकवली.

"सशर्त मंजुरी चालते. शेरा लिही. 'देखभाल बाहेरून.' आणि सही कर."

मी पेन घेतलं. त्यांना नाही म्हणायची पुरेपूर तयारी करून मी त्या टेबलावर बसले होते. पण आईंना जगायचं होतं की नाही हे आम्ही तिघांनी मिळून विचारायचं टाळलं होतं, आणि हा माणूस समोर बसून सांगत होता की मला जगायचंय. दुसऱ्यांदा नळ मोठा करणं मला जमलं नाही. प्रेमाचा प्रश्न नव्हता. मी शेरा लिहिला आणि सही केली.

अप्पांनी सही तपासली, तारीख घालायला लावली, फाइल बंद केली. टेबलाला धरून उठले. दोन पावलं गेले आणि फ्रिजशी थांबले. माझ्याकडे पाठ होती.

"हेच तेव्हा बोलली असतीस तर बाई ठेवली असती," ते म्हणाले.

"काय?"

"'मी नाही' असं म्हणाली असतीस तर. नकार आला की पुढची व्यवस्था बघता येते. मी तीन दिवस थांबलो होतो. उत्तरच आलं नाही, तर प्रकरण बंद करावं लागतं. पद्धत आहे ती."

श्वास घेतला आणि खोलीत गेले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी सोडत होता. सोडली, पुन्हा बांधली.

खरंच त्यांनी बाई ठेवली असती, की व्हॉल्व्ह मिळाल्यावर मला एक घाव घालून जायचा म्हणून म्हणाले, हे मला ठरवता आलेलं नाही. त्यांच्या स्वभावात दोन्ही बसतं. मी दोन-तीनदा विचारायचं मनात आणलं. पण ते 'हो' म्हणाले तर काय आणि 'नाही' म्हणाले तर काय, दोन्हीनंतर त्यांच्या औषधांचा डबा मीच भरायचा आहे. मी कप विसळले. अवरेकाळूंची उसळ उरली होती. ती रात्री संपवली. मीठ कमी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी लॅबची पेटी घेऊन अप्पांच्या खोलीत गेले. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांना रिकाम्या पोटी रक्त लागतं. ते बाही वर करून तयार बसले होते. मी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. रक्त आलं नाही. माझ्या हातून असं वर्षाकाठी एकदा-दोनदा होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"शीर हुकली तुझी."

"दुसरा हात द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या हाताची शीर पहिल्या टोचण्यात मिळाली. चार नळ्या भरल्या. कापूस दाबून धरा म्हटलं, त्यांनी धरला. मी लेबलवर वय लिहिलं, सत्याऐंशी, आणि फॉर्मवर तपासण्यांच्या खुणा करत गेले. क्रिएटिनिनपाशी आले तेव्हा तेही वाकून बघत होते. मी खूण केली. मग हॉस्पिटलला फोन करून तारीख घेतली, माणसं पुरवणाऱ्या ठिकाणी फोन करून दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोघे सांगितले, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि आठ वीसची मेट्रो पकडली. मॅजेस्टिकला गाडी बदलून नऊला लॅबमध्ये पोचले. सॅम्पल रांगेत लावलं. आधी आलेली सात होती, म्हणून ते आठव्या नंबरवर.